न्हाव्याचं चौथं नाणं

ऑर्विल ट्वेइट हा अमेरिकेतल्या डुलुथ या बंदराच्या गावातला, पश्चिम भागातला न्हावी. त्याच्या सलूनमध्ये खुर्च्या दोन, पण दुसरीवर कधी कुणी बसलेलं आठवत नाही. तिच्यावर वर्तमानपत्रं आणि गिऱ्हाइकांच्या लोकरी टोप्या पडलेल्या असत. गोदीवरचे कामगार, रेल्वेतली माणसं, अधूनमधून एखादा पाद्री, असं त्याचं गिऱ्हाईक. ऑर्विल फारसा बोलत नसे. न्हावी असून बोलत नाही म्हटल्यावर नवख्याला जरा अवघडल्यासारखं व्हायचं, मग त्यालाही ते बरं वाटायला लागायचं.

केस कापून झाले, मानेवरची पावडर झटकली, की तो गिऱ्हाइकाच्या मागं उभा राहायचा आणि खिशातून अर्ध्या डॉलरची चांदीची चार नाणी काढायचा. गिऱ्हाईक आरशात बघायचं, ऑर्विलही आरशातच बघायचा. डाव्या मुठीत चार नाणी. उजवी मूठ रिकामी. तो डावी मूठ जराशी हलवायचा आणि एक नाणं उजवीत निघायचं. मग दुसरं. मग तिसरं. शेवटी डावा हात उघडा आणि मोकळा, आणि चारी नाणी उजव्या तळहातावर शेजारी-शेजारी. हे सगळं मुकाट्यानं. गिऱ्हाईक म्हणायचं, "परत कर." ऑर्विल मान हलवायचा आणि पुढच्याला बोलवायचा.

ही विद्या तो क्षयाच्या दवाखान्यात शिकला होता. विशी गाठायच्या आत त्याला छातीचा आजार झाला आणि डोंगरावरच्या त्या दवाखान्यात त्याला पाठीवर निजवून ठेवलं. बोलायचं नाही, हसायचं नाही, हात डोक्याच्या वर न्यायचे नाहीत, असा डॉक्टरांचा हुकूम. शेजारच्या खाटेवर ग्रॅनक्विस्ट नावाचा म्हातारा स्वीडिश होता. पूर्वी तो जत्रांमधून हातचलाखीचे खेळ करायचा. त्यानं एक शब्द न बोलता ऑर्विलला नाणं तळव्यात कसं धरायचं ते दाखवलं, आणि दाढीचा छोटा आरसा त्याच्या पांघरुणावर टेकवून ठेवला. चुकलं की म्हातारा डोळे मिटून घ्यायचा. जमलं की एक भुवई वर करायचा. ऑर्विल बरा होऊन निघाला त्या हिवाळ्यात म्हातारा गेला. तेव्हापासून आरशाशिवाय नाणं हातात घेतल्याचं ऑर्विलला आठवत नव्हतं. न्हाव्याचा धंदाही त्यानं त्यासाठीच धरला, असं त्याची बायको मार्लिस म्हणायची.

मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. आवाज मोठा, मन मोकळं. फोन आला तेव्हा तिनंच उचलला.

"ऑर्विल, टीव्हीवरची बाई आहे. दुपारच्या गप्पांच्या कार्यक्रमाची. तिच्या भावाचे केस कापलेस म्हणे तू."

"बरे नाही झाले का?"

"केसांचं नाही रे बाबा. नाण्यांचं. तुला बोलवतायत."

ऑर्विलनं हातातला पेपर खाली ठेवला. "तिथं मी काय बोलू?" त्यानं विचारलं.

"बोलायचं काम वेंडेल क्रोफूट करतो. त्याला त्याचाच पगार मिळतो."

क्रोफूटला सगळं गाव ओळखत होतं. रोज दुपारी तो एका सोफ्यावर बसून कुणाकुणाशी गप्पा मारायचा: लोणच्यात बक्षीस मिळवलेली बाई, सरोवरात मोठा मासा पकडलेला माणूस, नाहीतर बोलणारा पोपट. पोपट त्या दिवशी बोललाच नव्हता, आणि क्रोफूटनं पोपटाच्या वतीनं स्वतःच उत्तरं देऊन वेळ मारून नेली होती. लोक ते अजून सांगत असत.

ऑर्विल ज्या जादूगारांच्या मंडळात जात असे, तिथं बातमी पोचली. मंडळ म्हणजे लुथेरन चर्चच्या तळघरात जमणारी दहा-बारा माणसं. त्यांचा म्होरक्या अर्ल निस्कानेन. त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्याच्याकडे ससा होता, कबुतरं होती, बायकोला करवतीनं कापायची पेटी होती, आणि टीव्हीवाल्यांना तो वर्षानुवर्षं पत्रं पाठवत होता. बातमी ऐकून तो एवढंच म्हणाला, "चार नाणी. टीव्हीवर. बरं."

मग कॉफी घेताना तो ऑर्विलच्या शेजारी येऊन उभा राहिला. "हे बघ, राग मानू नको. माणसाची नजर तू हवी तिकडे वळवतोस. कॅमेऱ्याची नाही वळत. तो तुझ्या तळव्यात जाऊन बसणार."

"मग काय करू?"

"मला काय माहीत? मला कुणी बोलवलंय थोडंच."

ऑर्विल आठवडाभर सलून बंद झाल्यावर आरशासमोर उभा राहिला. सगळ्या बाजूंनी बघितलं. खुर्चीवर बसून, उकिडवं बसून, खालून वर. कुठूनच काही दिसत नव्हतं. त्याला वाटलं, जमेल.

ठरल्या दिवशी त्यानं चर्चला जायचा कोट घातला. स्टुडिओत एका मुलीनं त्याच्या टकलावर पावडर लावली. आजवर त्यानंच लोकांना पावडर लावली होती. आपल्याला कुणीतरी लावतंय म्हटल्यावर त्याला चुळबुळल्यासारखं झालं. मग त्याला सोफ्यावर नेऊन बसवलं. समोर बुटकं टेबल, टेबलावर कॉफीचे दोन कप. दिव्यांची धग अशी की कोटाच्या आत घाम निथळायला लागला. दिव्यांपलीकडे अंधारात खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि त्यांच्यावर बहुतेक म्हाताऱ्या बायका होत्या. टेबलाच्या पलीकडे, कॅमेऱ्याखाली, पाहुण्यांना स्वतःला बघता यावं म्हणून एक छोटा टीव्ही ठेवलेला होता. ऑर्विलनं त्याच्याकडे तेव्हा नीट पाहिलंही नाही.

क्रोफूट जवळून जरा थकलेला आणि फार प्रेमळ वाटला. त्यानं ऑर्विलचा गुडघा थोपटला.

"तर मंडळी, हे ऑर्विल ट्वेइट. दिवसा हे लोकांचे केस गायब करतात. फावल्या वेळात नाणी. ऑर्विल, कुठलं सोपं?"

"केस," ऑर्विल म्हणाला.

लोक हसले. ऑर्विलनं विनोद केला नव्हता. तो दचकला. त्यानं खिशातून नाणी काढली आणि कामाला लागला.

पहिलं नाणं नेहमीप्रमाणे गेलं. अंधारातून "ओह" असा आवाज आला. दुसरंही गेलं. तिसऱ्याच्या वेळी ऑर्विलनं सवयीनं आरसा शोधत समोर पाहिलं. समोर तो छोटा टीव्ही होता. त्यात त्याचेच हात होते, मोठे, जवळून, नखांसकट. पण हात उलटे होते. आरशात उजवा हात उजवीकडेच दिसतो. आयुष्यभर ऑर्विलनं तसाच पाहिला होता. इथं तो डावीकडे होता. त्यानं डावी मूठ जराशी हलवली, तर टीव्हीत भलत्याच बाजूची मूठ हलली. क्षणभर त्याला वाटलं, ते हात दुसऱ्या कुणाचेतरी आहेत, आणि तो माणूस आपल्यापेक्षा वेगळं काहीतरी करतोय.

मग त्याचं डोकं रिकामं झालं. कुठल्या मुठीत काय आहे, ते त्याला सांगता येईना. त्यानं एक मूठ उघडली. ती मुळीच उघडायची नव्हती. तिच्यात एक नाणं होतं, जे तिथं आहे असं लोकांना कळता कामा नये.

"अरे," ऑर्विल म्हणाला, "हे इथं कसं आलं?"

क्रोफूट मोठ्यानं हसला. ऑर्विलनं दुसरी मूठ उघडली. तिच्यात दोन. दोन्ही हात त्यानं टेबलावर उताणे ठेवले आणि मोजून पाहिलं. तीन.

"चौथं कुठंय?" क्रोफूटनं विचारलं.

"तेच मी बघतोय."

त्यानं हात पालथे केले. बशी उचलली. कॉफीच्या कपात डोकावला. अंधारात बायकांच्या हसण्याला आता खंड नव्हता; कुणाला तरी ठसकाही लागला. ऑर्विलला कळेना की ही माणसं का हसतायत. त्यानं क्रोफूटच्या बशीकडे पाहिलं, तेव्हा क्रोफूटनंही आपली बशी उचलून खाली बघितलं आणि खांदे उडवले.

"ऑर्विल, खरं सांगा. कुठं आहे ते?"

"मला खरंच माहीत नाही हो," ऑर्विल म्हणाला. त्याचा चेहरा असा होता की मागचा कॅमेरावालाही हसायला लागला.

आता आपण निघावं, हेच बरं, असं वाटून तो उठला. उठल्याबरोबर त्याच्या मांडीवरून, कोटाच्या चुणीत अडकलेलं नाणं खाली पडलं, खणखणलं, आणि गोल फिरत फिरत पहिल्या रांगेपर्यंत गेलं. तिथं हिरव्या टोपीतल्या एका बाईनं त्याच्यावर बूट ठेवला आणि वाकून ते उचललं. "घ्या," ती म्हणाली, "हे माझ्याकडे आलं होतं."

टाळ्या बराच वेळ चालल्या. ऑर्विलला वाटलं, ते त्या बाईसाठी टाळ्या वाजवतायत. त्यानंही वाजवल्या.

घरी जाताना त्यानं मुद्दाम सरोवराकाठचा लांबचा रस्ता धरला. लोहखनिज भरलेली एक बोट धक्क्यावरून निघत होती. ती बंदराबाहेर पडेपर्यंत तो गाडीत बसून राहिला. सगळ्या गावासमोर आपलं हसं झालं, एवढं त्याला नक्की कळलं होतं. उद्या सलून उघडायचं की नाही, याचा विचार करता करता त्यानं घर गाठलं.

घरी मार्लिससोबत शेजारच्या दोघी बसल्या होत्या. त्या दोघींचे डोळे हसून हसून लाल झाले होते. एकीनं तर उठून त्याचा हात हातात घेतला. "ऑर्विल, अरे इतकी वर्षं तू शेजारी राहतोस आणि आम्हाला पत्ताच नाही. तू त्या कपात डोकावलास तेव्हा मी मेलेच."

मार्लिस मात्र हसत नव्हती. तिनं हॉटडिशचं, म्हणजे मांस-बटाटे एकत्र भाजलेल्या जेवणाचं, भांडं ओव्हनमधून काढलं, ताटं मांडली. शेजारणी गेल्यावर ती फक्त म्हणाली, "जेव."

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये उभं राहायला जागा नव्हती. ज्यांना केस नव्हते तेही आले होते.

"काय सोंग काढलंस रे."

"सोंग नव्हतं," ऑर्विल म्हणाला. "मी चुकलो."

"हां हां, चुकलास. आणि नाणं नेमकं उठताना पडलं."

"नेमकं कसलं. पडलं ते पडलं."

"हे बघा, अजून तसंच बोलतोय. तोंडावरची माशी हलत नाही ह्याच्या." आणि सगळे पुन्हा हसले.

चर्चच्या तळघरात तर अर्ल निस्कानेननं उभं राहून भाषण केलं. मत्सरानं त्याचा चेहरा पिवळा पडला होता, पण माणूस मनानं सच्चा होता. "मंडळी," तो म्हणाला, "मी आजवर पुष्कळ बघितलं. पण उठायचं आणि ते पडायचं, हा मेळ मी कुठं पाहिला नाही. कॅमेऱ्यापुढं चलाखी चालत नाही म्हणून ह्यानं चूकच दाखवली. आम्हाला सुचलं नाही, ह्याला सुचलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऑर्विल उभा राहिला. त्यानं त्या छोट्या टीव्हीचं, उलट्या हातांचं, डोकं रिकामं झाल्याचं सगळं सांगितलं. त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत लांब भाषण होतं. संपल्यावर एकजण म्हणाला, "वा. हेही करून दाखव पुढच्या वेळी."

अर्लनं डोळा मारला. "आपण आपली गुपितं फोडत नाही. कळलं आम्हाला."

काय कळलं, ते ऑर्विलला कळलं नाही.

आठवड्याभरानं मार्लिसनं विषय काढला. ती भांडी घासत होती, तो पुसत होता.

"तू खरंच विसरलास ना तिथं?"

ऑर्विलनं फडकं थांबवलं. "तुला कसं कळलं?"

"तुझे कान. तू घाबरलास की तुझे कान लाल होतात. पाद्र्यानं लग्नात माझं नाव विचारलं तेव्हा झाले होते तसे."

"टीव्हीवर रंग कुठं दिसतात आपल्या?"

"काळे पडले होते. मला दिसले." तिनं एक पातेलं त्याच्या हातात दिलं. "डॉक्टरकडे जायचंय का?"

"कशाला?"

"विसरायला लागला असशील तर."

"मार्लिस, मी विसरलो नाही गं. ते उलटं होतं." आणि त्यानं तिला पुन्हा सगळं सांगितलं. तिनं ओले हात वर धरून बघितले, मग खिडकीच्या काचेतल्या आपल्या प्रतिबिंबाकडे बघितलं, आणि म्हणाली, "मला काही समजलं नाही. पण तू म्हणतोस तर असेल."

एवढ्यावर त्याला बरंच हलकं वाटलं.

मग पुन्हा फोन आला. लोकांची पत्रं आली आहेत, ऑर्विलनं परत यावं, आणि तस्संच करावं, काही बदलू नये. ऑर्विल नाही म्हणणार होता. पण आपल्याला कधी न मिळालेली संधी हा सोडतोय हे ऐकून अर्लला इतकं दुःख झालं की ऑर्विलला वाटलं, नाही म्हणणं म्हणजे अर्लच्या तोंडात मारणं. तो हो म्हणाला.

आता चूक शिकायची होती. सलूनमध्ये आरशासमोर तो मुद्दाम चुकायला बसला. नको ती मूठ उघडायची, म्हणून तो ठरवायचा, पण हात ऐकत नसत. ते आपलं काम बिनचूक करून मोकळे व्हायचे. कसंबसं एकदा नाणं मांडीवर पाडलं आणि तो म्हणाला, "अरे, हे इथं कसं आलं?" आरशातला माणूस खोटारडा दिसत होता. आपण असले दिसतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं नाणी खिशात टाकली आणि जमीन झाडायला घेतली.

दुसऱ्यांदा गेला तेव्हा स्टुडिओ खचाखच भरला होता. दिव्यांचं काम करणारी एक उंच बाई होती, तिला सगळे टिली म्हणत. तिनं ऑर्विलला त्या छोट्या टीव्हीकडे टक लावून बघताना पाहिलं.

"काय झालं, साहेब?"

"तो... तो उलटा आहे."

"तो सुलटाच आहे. आरशात आपणच आपल्याला उलटं बघतो." तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. "काढून ठेवू का?"

त्याला हो म्हणायचं होतं की नाही, ते त्याचं त्यालाच ठरवता येईना. टीव्ही असला तर तो चुकेल, आणि चुकायलाच तर त्याला बोलावलं होतं. पण टिलीनं तोवर तार काढून तो बाजूला सरकवला होता.

कार्यक्रम सुरू झाला. क्रोफूटनं गुडघा थोपटला. ऑर्विलनं नाणी काढली. समोर बघायला आता काहीच नव्हतं, म्हणून हा खेळ करताना आयुष्यात पहिल्यांदा त्यानं थेट आपल्या हातांकडे पाहिलं. हात म्हातारे झाले होते. पहिलं नाणं गेलं. दुसरं गेलं. तिसरं गेलं. प्रत्येक वेळी लोक हसायच्या तयारीत पुढं झुकत होते आणि थांबत होते. आता चुकायचं, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि त्याच क्षणी चौथंही गेलं. डावा हात उघडा आणि मोकळा, चारी नाणी उजव्या तळहातावर शेजारी-शेजारी. इतकं स्वच्छ ते सलूनमध्येही कधी झालं नव्हतं. ग्रॅनक्विस्ट म्हाताऱ्यानं भुवई वर केली असती.

लोक अजून पुढं झुकलेलेच होते.

क्रोफूट वाट बघत होता. त्यानं ऑर्विलच्या मांडीकडे पाहिलं, बशीखाली पाहिलं. "आणि... हरवलं कुठलं?"

"एकही नाही," ऑर्विल म्हणाला. "चारी इथं आहेत."

"चारी?"

"मोजा ना."

क्रोफूटनं मोजली. खरोखर मोजली, बोट लावून. मागं कुठंतरी एक बाई फुसकन हसली. तिला वाटलं, हाच विनोद. मग तिच्या शेजारची हसली, मग आणखी चारपाच जणी, आणि बाकीचे त्यांच्याकडे वळून बघायला लागले. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी वाजवता वाजवता थांबलं. ऑर्विल उठला. काही पडलं नाही. पहिल्या रांगेतली दोन माणसं तरीही जमिनीकडे वाकून बघत होती.

बाहेर टिली सिगारेट ओढत उभी होती. "मला आवडलं," ती म्हणाली. "पण ते लोक कशाला हसत होते?"

"मलाही तेच विचारायचं होतं," ऑर्विल म्हणाला.

त्याला परत कधी बोलावलं नाही. पुढल्या वर्षी अर्लला बोलावलं. त्याचा ससा सोफ्यामागं गेला तो शेवटपर्यंत बाहेर आला नाही, आणि अर्ल त्यामुळं फार प्रसिद्ध झाला. तो खूश होता की चिडला होता, हे ऑर्विलनं त्याला विचारलं. अर्ल बराच विचार करून म्हणाला, "मला सांगता येत नाही रे." त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी जास्त बोलायला लागले. शनिवारी सलून बंद करून दोघं कॉफी प्यायला जायचे आणि कोणता प्रयोग खरा चांगला झाला, पहिला की दुसरा, यावर वाद घालायचे. आठवड्याआड दोघांची मतं बदलायची.

ऑर्विल झोपेत गेला, मार्चमधल्या एका बर्फाच्या आठवड्यात. चर्चमध्ये पाद्र्यानं टीव्हीचा उल्लेख केला आणि बाकांवर मंद हसू पसरलं. नंतर तळघरात कॉफी आणि हॅमची सँडविचं होती. तिथं गिऱ्हाइकांमध्ये जुना वाद निघालाच: नाणं त्यानं मुद्दाम पाडलं होतं की काय.

"मुद्दामच," एक रेल्वेवाला म्हणाला. "तो म्हणायचा नाही, पण मुद्दामच."

"मार्लिसला विचारा की," दुसरा म्हणाला.

मार्लिस किटली घेऊन फिरत होती. ती थांबली. "तो विसरला होता," ती म्हणाली. "खरंच. घाबरून गेला होता बिचारा."

सगळे तिच्याकडे वळले. मग रेल्वेवाल्यानं मांडीवर थाप मारली. "पाहिलंत? घरातलीसुद्धा गुपित फोडत नाही." आणि हसण्याचा एक लोंढा टेबलावरून पसरत गेला. अर्लही हसला, खरं काय ते ठाऊक असूनही. मार्लिस एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. ती त्यांना तुमचं चुकतंय म्हणून सांगणार होती, पण कोणत्या गोष्टीपासून सुरुवात करावी हे तिला सुचेना. मग तिलाही हसू आलं, आणि का आलं ते तिचं तिलाच कळलं नाही. तिनं किटली रेल्वेवाल्याच्या कपावर धरली.

"अजून घे थोडी," ती म्हणाली. "आणि जाताना सँडविचं घेऊन जा कुणीतरी. एवढी मी एकटी कधी संपवणार?"